आबांचा कान आणि पुराचा डाग

पुरात भिजलेला फोटो फ्रेमच्या काचेला चिकटून वाळला असेल, तर तो ओढून काढू नये. जुन्या फोटोवर जिलेटिनचा थर असतो आणि चित्र त्या थरातच असतं. पाण्यात तो थर फुगतो, मऊ पडतो, काचेला धरतो आणि वाळला की सुटायचं नाव घेत नाही. जोर लावला तर कागद हातात येतो आणि चेहरा काचेवर राहतो. ओला असतानाच हाती लागला तर स्वच्छ पाण्यात हलकेच धुऊन, चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवायचा. आमच्या हाती लागला तेव्हा तो वाळून गेला होता.

ऑगस्ट २०१९ चा पूर कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आमच्या घरात ते छातीएवढं होतं. गाद्या, धान्य, शिलाई मशीन, सगळं गेलं त्याचं एवढं वाटलं नाही, कारण ते परत घेता येतं. भिंतीवरचा आबांचा, माझ्या आजोबांचा, फोटो मात्र एकच होता. निगेटिव्ह नाही, दुसरी प्रत नाही. काचेसकट तो जुन्या साडीत गुंडाळून कपाटात ठेवला, आणि वर्षानुवर्षं कुणी त्याला हात लावला नाही. गेल्या वर्षी घराला रंग दिल्यावर आत्या म्हणाली, "भिंत मोकळी बरी दिसंना. आबांना लावा की."

फोटो १९५० च्या दशकातला, खासबाग मैदानातला. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१२ मध्ये खुलं झालेलं हे मैदान वाटीसारखं आहे. मधे आखाड्याचा हौदा, भोवती चढत गेलेली बैठक, त्यामुळे शेवटच्या माणसालाही कुस्ती दिसते. आबा त्या हौद्यातच उभे आहेत. लांग कसलेली, गळ्यात हार, एका खांद्यावर मानाचा फेटा, अंगाला माती. मागे प्रेक्षकांच्या रांगा आणि एका कापडी फलकाचा तुकडा. हे सगळं मला आठवणीतून माहीत आहे, कारण पुरानंतर फोटोची उजवी बाजू गाळाने पिवळी पडली होती, वरच्या भागावर बुरशीचे ठिपके आले होते, मधून पाण्याची आडवी रेघ गेली होती, आणि खालचा एक त्रिकोणी तुकडा कायमचाच गेला होता. आबांचा डावा पंजा त्या तुकड्यात होता.

फ्लेक्स छपाईच्या दुकानात कामाला असलेला माझा आतेभाऊ म्हणाला, आधी नीट स्कॅन करू, मग एआयचं बघू. काचेसकट फोटो फ्लॅटबेड स्कॅनरवर पालथा ठेवला. मोबाईलने काढला असता तर ट्यूबलाईटची चमक काचेवर आली असती. ६ बाय ८ इंचांचा फोटो ६०० डीपीआयला, म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके धरून, स्कॅन केला की ३६०० बाय ४८०० पिक्सेलची फाईल मिळते, तेवढी आम्हाला पुरेशी होती. काचेला चिकटलेला भाग गडद, ओला असल्यासारखा आला आणि न चिकटलेला फिकट. ही मूळ फाईल दोन ठिकाणी ठेवली आणि तिच्यावर कधीच काम करायचं नाही, प्रत काढूनच करायचं, असं ठरवलं. एआय सहायकाच्या सेटिंगमध्ये जाऊन आमचे फोटो प्रशिक्षणासाठी वापरू नयेत हा पर्यायही आधी निवडला. घरच्या माणसाचा चेहरा परक्या यंत्राला देताना एवढं करावंच.

सुरुवातीला अख्खा फोटो सहायकाला देऊन साध्या मराठीत सांगितलं, "हा जुना फोटो पुरात खराब झाला आहे, दुरुस्त कर." मिनिटभरात उत्तर आलं, आणि क्षणभर आम्ही दोघंही गप्प झालो. रेघ नाही, बुरशी नाही, गाळ नाही. मागच्या रांगा स्वच्छ, हाराची फुलं टपोरी. इतकं चांगलं काम इतक्या लवकर होईल असं वाटलं नव्हतं.

आत्याने चष्मा लावून मोबाईल हातात घेतला. बराच वेळ बघितलं.

"व्हय, फोटो झ्याक झालाय," ती म्हणाली, "पर ह्यो कोण?"

मग आम्ही मूळ स्कॅन आणि नवं चित्र शेजारी शेजारी लावून मोठं करून पाहिलं. आबांचं पोट आणि कंबर बदलली होती. जोर-बैठकांनी घडलेलं ते भरदार, गोल अंग जाऊन जिममधल्या पोरासारख्या पोटावर चिरा आल्या होत्या. छातीवरची, गुडघ्यावरची माती घाण समजून पुसून टाकली होती. आणि कान! आबांचा उजवा कान मोडलेला होता. पैलवानांचे असतातच. कुस्तीत डोक्याला डोकं घासून, कानावर मार बसून कूर्चा आणि तिच्यावरचं आवरण यांच्यामध्ये रक्त साचतं. ते वेळेत काढलं नाही तर कान गाठीगाठींनी भरून घट्ट होतो आणि जन्मभर तसाच राहतो. तालमीत त्या कानाचा मान असतो, तो काही लपवायची गोष्ट नव्हे. सहायकाने तो कान दुरुस्त केला होता. नाजूक पाळी, वरची वळणदार कड, आत व्यवस्थित खोलगट जागा. एखाद्या शाळामास्तराचा कान.

हे सहायक काम कसं करतात हे थोडं समजून घेतलं की राग निवळतो आणि पुढचा रस्ता दिसतो. यातली बरीच मॉडेल्स डिफ्यूजन पद्धतीने शिकवलेली असतात. शिकवताना चित्रावर थोडा थोडा नॉइज, म्हणजे विस्कटलेले ठिपके, टाकत ते पार पुसून टाकतात, आणि उलट दिशेने तो नॉइज काढत चित्र कसं उभं करायचं हे मॉडेलला शिकवतात. त्यामुळे जिथे माहिती नाही किंवा अस्पष्ट आहे तिथे ते सर्वांत संभवनीय गोष्ट भरतं. त्याने पाहिलेले बहुतेक कान धड असतात, बहुतेक फोटोंमध्ये अंगाला माती नसते. शिवाय एका कोपऱ्यातला डाग काढायला सांगितला तरी बऱ्याचदा अख्खं चित्र पुन्हा रंगवलं जातं, म्हणून न सांगितलेल्या जागी ओठांची कड हलते, भुवई सरकते. दुरुस्त केलेलं चित्र पुन्हा दिलं, ते आणखी पुन्हा दिलं, तर दर वेळी माणूस थोडा थोडा दूर जातो. दर वेळी मूळ स्कॅनपासूनच सुरू करायचं, हे आम्ही त्यावरून पक्कं केलं.

पुढच्या खेपेला सविस्तर लिहिलं. माती ठेव, हा पैलवान आहे, आखाड्यात उभा आहे, अंगावरची माती खरी आहे. आता माती आली, आणि झकास आली. छातीवर, दंडावर, दोन्ही खांद्यांवर सारखी माखलेली. मला ते चित्र आवडलं होतं.

आबांच्या तालमीतले एक वस्ताद आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात. आबांपेक्षा वयाने बरेच लहान, पण त्यांच्या हाताखाली मेहनत केलेले. त्यांच्याकडे दोन्ही प्रिंट घेऊन गेले. त्यांनी नव्या प्रिंटवर बोट ठेवलं.

"पोरी, खांद्याला माती कुठनं आली?"

मी म्हटलं, कॉम्प्युटरने काढली.

"खांद्याला माती लागली म्हंजे पाठ टेकली. हा पडल्याला गडी हाय. बघ, खऱ्या फोटूत गुडघ्याला हाय, कोपराला हाय, छातीला हाय. खांदा कोरडा हाय का न्हाई? पाठ लागलीच न्हाई आबांची."

मूळ फोटोत खांदा खरंच कोरडा होता. लहानपणापासून तो फोटो मी पाहत आले, पण त्या मातीत कुस्तीचा निकाल लिहिलेला आहे हे मला त्या दिवशी कळलं. सहायकाने मातीचे चार ठिपके इकडचे तिकडे केले आणि जिंकलेला माणूस हरवला. जाणत्या माणसाला विचारल्याशिवाय कुठल्याही जुन्या फोटोला हात लावायचा नाही, असं माझं मत तिथेच बनलं आणि ते अजून तसंच आहे.

वस्तादांच्या ओट्यावर बसूनच मग खरं काम सुरू झालं. स्कॅनची मोठी झेरॉक्स काढून आणली होती. लाल पेनाने पुराचं नुकसान आणि निळ्या पेनाने हात न लावण्याच्या जागा खुणावायच्या असं ठरलं. वाटलं होतं पाच-दहा मिनिटांचं काम, संध्याकाळ गेली. कपाळावरची बारीक आडवी रेघ मी लाल करायला निघाले होते, आत्याने हात धरला. ती लहानपणी बैलाचं शिंग लागल्याची खूण होती. हनुवटीखालचा काळा ठिपका तीळ असेल असं आत्याला वाटत होतं, वस्ताद म्हणाले तीळ नव्हता. स्कॅन मोठं करून पाहिलं तर तशीच बुरशी शेजारच्या आकाशातही निघाली, मग तो लाल झाला. गुडघ्याजवळचे फिके पट्टे वस्तादांनी निळे केले, घामाने माती ओघळली की असे पट्टे पडतात म्हणाले. हौद्यातली तांबडी माती ताक, हळद, लिंबू, कापूर, तेल घालून मळलेली असते, ती कोरड्या धुळीसारखी बसत नाही, अंगाला धरून राहते. असं कोणतंही मॉडेल आपणहून सांगणार नाही, आणि त्याच्याकडून ती अपेक्षाही नाही. सांगायचं काम आपलं.

नकाशा हातात आल्यावर पद्धत बदलली. अख्खा फोटो देणं बंद केलं. आतेभावाने स्कॅनमधून साधारण हजार पिक्सेलचे चौकोन कापले, फक्त लाल खुणांच्या जागांचे. चेहरा ज्या चौकोनात येत नाही तो चौकोन निर्धास्तपणे द्यायचा, कारण जे दिलंच नाही ते बिघडणार कसं? दुसरा फायदा असा की अख्खा फोटो दिला की उत्तर म्हणून येणारं चित्र पिक्सेलने बरंच लहान येत होतं, मोठ्या छपाईला त्याचा उपयोग नव्हता; चौकोन दिला की तपशील तसाच टिकत होता. सूचनाही आखूड केल्या. "हा प्रेक्षकांच्या रांगांचा तुकडा आहे. पिवळा गाळ आणि पाण्याची आडवी रेघ काढ. माणसं वाढवू नकोस, कमी करू नकोस. जुन्या फोटोचा दाणा तसाच ठेव." दाणा म्हणजे जुन्या फोटोतला बारीक कणीदार पोत; हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. ते नसेल तर तुकडा इतका गुळगुळीत येतो की बाकीच्या फोटोत ठिगळासारखा उठून दिसतो.

आलेला तुकडा फोटोशॉपमध्ये मूळ स्कॅनवर वेगळ्या लेअरवर, म्हणजे वेगळ्या थरावर, ठेवायचा, त्याला काळा मास्क लावून आधी पूर्ण झाकायचा, आणि पांढऱ्या ब्रशने फक्त लाल खुणेपुरता उघडायचा. बाकी सगळं मूळचंच. त्यामुळे शेवटच्या फोटोत सहायकाचं काम नेमकं कुठे आहे हे लेअर चालू-बंद करून कधीही दाखवता येतं. आकाश, बैठकीच्या रांगा, हौद्याची कड ही कामं त्याने इतकी सुरेख केली की हाताने करायला आतेभावाला आठवडे लागले असते. दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा तो एक चौकोन उचलायचा आणि चहा संपेपर्यंत तो बसवून मोकळा व्हायचा. या कामासाठी मी या साधनाची मनापासून ऋणी आहे. पैसे मोजून हे काम करून घेणं आमच्यासारख्या घरांना परवडत नाही, आणि महापुरात भिजलेले असे फोटो या शहरात घरोघरी पडून आहेत.

फलकाच्या तुकड्यावर अर्धवट अक्षरं होती. तो चौकोन दिला तेव्हा सहायकाने अक्षरं मोठ्या उत्साहाने पूर्ण केली, पण ती कोणत्याच भाषेतली नव्हती. वेलांट्या हवेत, काने एकमेकांत अडकलेले. लांबून देवनागरी वाटावी आणि जवळ गेल्यावर काहीच वाचता येऊ नये. तिथे आम्ही अक्षरं मूळचीच ठेवली, त्यांच्या मधल्या कापडावरचे ठिपके तेवढे काढले.

कानाचा प्रश्न अवघड होता, कारण बुरशीचा एक ठिपका नेमका कानाच्या वरच्या कडेवर बसला होता. तो चौकोन द्यायलाच हवा होता. "कानाला हात लावू नकोस" असं किती बजावलं तरी तो सरळ होऊनच यायचा. मग आतेभावाला सुचलं, काय करू नको हे सांगण्यापेक्षा काय आहे ते सांगू. मी वस्तादांच्या स्वतःच्या कानाकडे बघत बघत लिहिलं: "हा पैलवानाचा मोडलेला कान आहे. वरची कड जाड आहे आणि आत दुमडली आहे. आतली खोलगट जागा गाठींनी भरून गेली आहे, तिथे सावली जवळजवळ नाही. हे नुकसान नाही, कान असाच आहे. फक्त कडेवरचा गोल काळा ठिपका काढ." सोबत नमुना म्हणून आत्याच्या लग्नातल्या एका ग्रुप फोटोतून आबांचा तोच कान कापून दिला. त्यात ते म्हातारे आहेत, पण मोडलेला कान वयाने बदलत नाही. या वेळी कान आला. अगदी तंतोतंत नाही, म्हणून त्यातला नखाएवढा भागच मास्कमधून उघडला आणि उरलेलं आतेभावाने हाताने, शेजारचा पोत उचलून भरलं. जुन्या स्टुडिओंमध्ये निगेटिव्हवर पेन्सिलीने रिटचिंग करणारे कलाकार असंच करायचे, एक एक ठिपका. कलामहर्षी बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांच्या गावात चेहऱ्यावर काम करणाऱ्या हातांची परंपरा जुनी आहे. तो सराव असलेला माणूस शेजारी असेल तर हे साधन कितीतरी चांगलं चालतं, असा माझा अनुभव आहे.

रंगाचा मोह सगळ्यांनाच झाला. भाच्याने मोबाईलवर आबांना रंगीत करून दाखवलं: फेटा भगवा, हार पिवळा, माती बिस्किटाच्या रंगाची. घरात वाहवा झाली. पण काळ्या-पांढऱ्या फोटोत फक्त उजेड आणि अंधार नोंदलेला असतो. लाल आणि हिरवा एकाच करड्या छटेत उतरू शकतात. त्यात जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नसे, त्यामुळे तिच्यावर लाल फेटा जवळपास काळा यायचा. म्हणजे फेट्याचा रंग त्या फोटोतून शोधून काढता येत नाही, तो कुणीतरी ठरवावा लागतो. आबांना त्या दिवशी कोणत्या रंगाचा फेटा मिळाला हे सांगायला आता कुणी नाही. रंगीत चित्र भाच्याच्या मोबाईलवर राहू दे म्हटलं, भिंतीवर ते लावलं नाही.

राहिला तो गेलेला तुकडा. सहायकाने तिथे वेगवेगळ्या वेळी वेगवेगळे हात काढून दिले: मूठ वळलेला, कमरेवर ठेवलेला, एकदा तर चांदीची गदा धरलेला. आत्या म्हणते आबांच्या हातात नारळ होता. माझे वडील सांगायचे, रुमाल होता. दोघांनीही तो फोटो पुराआधी हजारदा पाहिलेला. पंजा भरावा की नाही यावर घरात बरीच चर्चा झाली. आतेभावाला फोटो पूर्ण हवा होता, अर्धा हात बघणाऱ्याच्या डोळ्यांत खुपतो म्हणाला. मला ते पटलं नाही. बाकी सगळीकडे खाली काहीतरी मूळचं शिल्लक होतं, त्यावरून आम्ही ठरवत होतो. इथे खाली काहीच नव्हतं. शेवटी आत्याचा शब्द चालला: "न्हाई त्ये न्हाई. उगंच कुणाचा तरी हात आबांना नगं." त्या त्रिकोणात आजूबाजूच्या मातीशी जुळणारी सपाट करडी छटा भरली. लांबून खटकत नाही, जवळ गेलं की कळतं.

प्रिंट मॅट कागदावर काढली. मागे पेन्सिलीने लिहिलं आहे: मूळ फोटो पुरात खराब झाला, कोणकोणते भाग एआयच्या मदतीने भरले, डावा पंजा का नाही, आणि मूळ स्कॅन कुठे आहे. गूगलच्या एआय चित्रांमध्ये सिंथआयडी नावाची डोळ्यांना न दिसणारी खूण असते, अशा खुणा हळूहळू वाढतीलही. पण आणखी पन्नास वर्षांनी भिंतीवरून फ्रेम उतरवणाऱ्या नातवंडाला पेन्सिलच वाचता येईल. आणि या वेळी फोटो आणि काच यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट घातली आहे, म्हणजे काच फोटोला टेकणार नाही.

आत्याने आता आजीचा फोटो काढून दिला आहे. त्यात पाणी गळ्यापाशी लागलंय आणि कोल्हापुरी साजाची पानं पुसट झालीत. परंपरेने साजाला २१ पानं मानतात, त्यांत दशावतारांची १० आणि अष्टमंगलाची ८. मासा, कासव, नरसिंह अशी प्रत्येकाची घडण वेगळी, आणि सहायकावर सोडलं तर तो सगळ्यांची सारखीच नक्षी करून ठेवणार. साज आत्याच्या कपाटात आहे. पुढच्या रविवारी तो पांढऱ्या कापडावर पसरून एकेका पानाचा जवळून फोटो काढणार आहोत, म्हणजे नमुना म्हणून देता येतील.